पुस्तकाच्या कोपऱ्यातील चौकोन

प्रस्तुत पाठात लेखिकेने क्यूआर कोड या साधनाची ओळख करून दिली आहे. हा कोड कोठून आला, तो कसा काम करतो आणि शाळेत त्याचा उपयोग कसा होतो, हे लेखिकेने स्वतःच्या अनुभवांच्या आधारे सांगितले आहे. वर्गातील एखादे साधन खरोखर उपयोगी केव्हा ठरते, याचा विचार हा पाठ वाचताना करा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमची पाठ्यपुस्तके घ्या आणि त्यांची पाने चाळा. कोठेतरी कोपऱ्यात तुम्हांला एक लहानसा चौकोन दिसेल. त्यात काळे-पांढरे ठिपके दाटीवाटीने बसलेले आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, छापखान्यात शाई सांडली असावी. माझ्या वर्गातील एक मुलगा तो पाहून म्हणाला होता, "टीचर, हे तर अम्मीच्या कशिद्यासारखे दिसते!"

या चौकोनाला क्यूआर कोड म्हणतात. 'क्विक रिस्पॉन्स' या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. 'झटपट उत्तर' असा त्यांचा अर्थ. मोबाइलचा कॅमेरा या चौकोनासमोर धरला, की कधी कवितेची चाल ऐकू येते, कधी विज्ञानाचा प्रयोग दिसतो, तर कधी एखादा शिक्षक गणित सोडवून दाखवतो. पुस्तकाचे पान तर पातळ कागदाचे. मग एवढ्या गोष्टी त्यात मावतात तरी कशा?

खरे तर त्या तेथे नसतातच. चौकोनात असतो फक्त एक पत्ता. पाकिटावरचा पत्ता वाचून पोस्टमन तुमच्या घरी येतो ना? तसाच हा पत्ता वाचून मोबाइल इंटरनेटवरील ठरलेल्या जागी जातो आणि तेथील वस्तू तुमच्यासमोर आणतो.

या लहानशा चौकोनाने मला मोठा धडा शिकवला. तोच आज तुम्हांला सांगणार आहे.

मी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्द या गावी राहते. मंचरची मोठी बाजारपेठ आम्हांला जवळ आहे. मंचरचा बाजार कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. कांदा साठवण्यासाठी बांधलेल्या हवेशीर जागेला आमच्याकडे बराख म्हणतात. याच गावात २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे एकीकडे बराखीपाशी कांदा निवडणाऱ्या बायका आणि दुसरीकडे पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवलेले विद्यार्थी, असे दृश्य आमच्या गावाला नवे नाही. संगणक हा शब्द येथे सर्वांच्या ओळखीचा आहे. पण गावात संगणक येणे वेगळे आणि घराघरांतील मुलाच्या हाती तो येणे वेगळे. हा फरक मला फार उशिरा कळला.

मी जवळच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. तुमच्यासारखीच मुले माझ्या वर्गात आहेत. ती दुकानात, शेतात, एस.टी.त सहज मराठी बोलतात. पुस्तक हाती आले, की मात्र अडखळतात. त्यांत त्यांचा दोष नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचायची, मराठी डावीकडून उजवीकडे. एका तासाला डोळ्यांनी एकीकडे धावायचे आणि पुढच्या तासाला उलट दिशेला!

त्यात भर पडते 'ळ' या अक्षराची. उर्दूत हे अक्षर नाही. म्हणून जीभ 'ळ'च्या जागी 'ल' म्हणून मोकळी होते. पण मराठीत एवढ्याने अर्थ बदलतो. 'वेळ' म्हणजे समय आणि 'वेल' म्हणजे मांडवावर चढणारी. 'मूळ' जमिनीत असते, तर 'मूल' अंगणात खेळते. 'काळ' म्हणजे जमाना आणि 'काल' म्हणजे आजच्या आधीचा दिवस. आता सांगा, "मला वेल नाही" असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे?

सहावीच्या वर्गात एकदा मी फळ्यावर एक वाक्य लिहिले : 'तळ्याजवळच्या शाळेत काळा फळा आहे.' एका मुलीला ते वाचायला सांगितले. ती उभी राहिली आणि वाचू लागली, "तल्याजवलच्या शालेत काला फला..." मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. ती मुलगी तेथेच थांबली आणि खाली बसली. त्यानंतर तिचे नाव पुकारले, की ती मान खाली घालून उभी राही. तोंडातून शब्द काढत नसे. मुलांनो, त्या दिवशी हसणारी मुले वाईट नव्हती. त्यांतील निम्म्यांना स्वतःलाही 'ळ' येत नव्हता. परंतु एका हसण्याने एका मुलीचे वाचन बंद पडले होते.

मी विचार करू लागले. 'ळ' बसायचा, तर तो पुन्हा पुन्हा कानावर पडला पाहिजे. वर्गात मी किती वेळा म्हणणार? शिवाय जी मुलगी सर्वांसमोर तोंड उघडत नाही, तिला एकटीने, कोणी पाहत नसताना ऐकता आले पाहिजे. अशा वेळी मला पुस्तकातील तो चौकोन आठवला.

त्याची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. १९९४ साली जपानमधील डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांसह हा कोड तयार केला. तो शाळेसाठी नव्हता, मोटारींच्या सुट्या भागांसाठी होता. त्यापूर्वी खोक्यांवर बारकोड असे. साबणाच्या किंवा बिस्किटांच्या पुड्यावर उभ्या रेघा असतात, तोच बारकोड. त्यात सुमारे २० अक्षरेच मावत. म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि ते एकामागून एक वाचताना कामगार थकून जात. हारा यांना 'गो' हा खेळ आवडत असे. या खेळात चौकटींच्या पटावर काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या मांडतात. पट पाहता पाहता त्यांना सुचले, की माहिती एका ओळीत न मांडता आडवी आणि उभी अशी दोन्ही बाजूंनी मांडली तर? तसे केल्यावर एका कोडात ७,००० हून अधिक अंक मावू लागले. कंपनीने हा शोध स्वतःपुरता ठेवला नाही. तो सर्वांना वापरता यावा, म्हणून तिने पेटंटचा हक्क बजावला नाही. म्हणूनच आज तो चहाच्या टपरीपासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळीकडे दिसतो.

आता तो चौकोन पुन्हा एकदा नीट पाहा. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन आहेत. चौथा कोपरा तसा नाही. या तीन खुणांवरून कॅमेऱ्याला समजते, की कोड येथे आहे आणि त्याची वरची बाजू ही आहे. पुस्तक उलटे धरले, तरी चालते. या खुणेच्या मधोमध एक रेघ ओढली, असे समजा. वाटेत काळे एक घर, पांढरे एक, काळे तीन, पांढरे एक आणि काळे एक अशी घरे लागतात. हे प्रमाण सहज ठरवलेले नाही. हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापील कागद ढिगाने तपासले आणि छपाईत सर्वांत क्वचित आढळणारे प्रमाण शोधून काढले. कारण उघड आहे. तशी खूण दुसरीकडे कोठेही आढळली असती, तर यंत्राची फसगत झाली असती.

उरलेल्या जागेत बारीक घरे असतात. सर्वांत लहान कोडात २१ ओळी आणि प्रत्येक ओळीत २१ घरे, म्हणजे एकूण ४४१ घरे असतात. काळे घर म्हणजे १ आणि पांढरे घर म्हणजे ०. संगणकाची सगळी भाषा या दोन अंकांचीच आहे. इंग्रजीत अंकाला 'डिजिट' म्हणतात. त्यावरून 'डिजिटल' हा शब्द आला. अक्षर असो, आवाज असो की चित्र असो, त्याचे अंक केले, की ते डिजिटल झाले. आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. त्या लहरींचेही अखेर अंक होतात आणि मग शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करतात. आकाशातील तारा असो की तुमच्या पुस्तकातील कविता, संगणकाच्या दारात सर्वांना अंक होऊनच जावे लागते.

आणखी एक गंमत सांगते. कोडावर शाईचा डाग पडला किंवा कोपरा थोडा फाटला, तरी बहुतेक वेळा तो वाचता येतो. मी फळ्यावर 'शा-ा सुटली' असे लिहिले, तर मधले अक्षर नसतानाही तुम्ही 'शाळा सुटली' असेच वाचाल. आजूबाजूच्या अक्षरांवरून तुम्ही हरवलेले अक्षर ओळखता. कोडातही मूळ माहितीबरोबर गणिताने काढलेली काही जादा माहिती भरलेली असते. तिच्या साहाय्याने हरवलेला भाग पुन्हा मिळवता येतो. ही युक्ती रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडली होती. तिचा पुरेपूर उपयोग केला, तर कोडाचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी काम चालते. मात्र तीन कोपऱ्यांतील खुणा शाबूत हव्यात.

मोटारीच्या कारखान्यातील हा कोड आपल्या शाळेत कसा आला? सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे एक लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. कोडामागे त्यांनी कविता, गोष्टी आणि पाठ ठेवले. पुढे राज्यातील पाठ्यपुस्तकांतही कोड छापले जाऊ लागले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे शिक्षक दिनी, केंद्र शासनाने 'दीक्षा' ही व्यवस्था सुरू केली. पुस्तकातील कोड या 'दीक्षा'च्या साहाय्याने उघडतात. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे ठरवले. खेड्यातील एका शिक्षकाचे हे काम जगाने पाहिले.

कोड कोणालाही तयार करता येतो, हे कळल्यावर मलाही हुरूप आला. पण त्यामागे आवाज कोणाचा ठेवावा? माझा 'ळ' बरा आहे. तरी माझी मातृभाषा उर्दू. आमच्या शेजारी एक आजी राहतात. त्या जुनी चौथी शिकलेल्या आहेत. त्यांचा 'ळ' ऐकत राहावा असा! मी त्यांच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आजी, माझ्या मुलांसाठी थोडे वाचाल का?" त्यांनी चष्मा पुसला, पदर सावरला आणि वाचले, "तळ्याजवळच्या शाळेत काळा फळा आहे." मग त्या आपणहून म्हणाल्या, "एवढंच? आणखी शब्द दे की." जांभूळ, केळी, गूळ, बाभळ, आभाळ, पावसाळा असे चाळीस-पन्नास शब्द त्यांनी मोबाइलवर म्हटले. मध्येच एक कोंबडी ओरडली. तेही त्यात उमटले.

मी त्या आवाजाचा कोड तयार केला, तो छापून आणला आणि प्रत्येकाच्या वहीत चिकटवला. मुलांना फार मजा वाटली. कोंबडीसाठी ती पुन्हा पुन्हा ऐकू लागली. तेवढ्यात 'ळ'ही कानात शिरला. ती गप्प बसणारी मुलगी तर एके दिवशी तास संपल्यावर माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, मी काल सतरा वेळा ऐकले." मी विचारले, "मग म्हणून दाखवतेस?" ती लाजली आणि पळून गेली. पण मला समाधान वाटले. मला वाटले, आता सगळे सोपे झाले.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवे वर्ष सुरू झाले. मुले सातवीत गेली, पण घरीच राहिली. आम्ही शिक्षक मोबाइलवरून पाठ पाठवू लागलो. मीही रोज सकाळी कोड पाठवी, प्रश्न पाठवी आणि उत्तरे तपासी. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिकाही सुरू झाली. ज्यांच्या घरी टीव्ही होता, त्यांना तिचा आधार मिळाला. वर्गातील तीस-पस्तीस मुलांपैकी वीसेक मुलांची उत्तरे येत. बाकीची मुले आळस करत असतील, असे मी मनाशी धरून चालले.

एके दिवशी सकाळी मी गावातील दूध डेअरीवर गेले. लोकांनी अंतर ठेवून उभे राहावे, म्हणून जमिनीवर चुन्याची वर्तुळे आखली होती. माझ्या पुढच्या वर्तुळात हातात किटली घेऊन तीच मुलगी उभी होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला. तिने विचारले, "टीचर, शाळा कधी सुरू होणार?"

मी म्हणाले, "अगं, शाळा तर सुरूच आहे. मी रोज पाठ पाठवते ना!"

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला काहीच ठाऊक नव्हते. तिच्या घरी एकच मोबाइल होता. तिचे अब्बा भाजीपाल्याचा टेम्पो चालवत. ते रात्री माल घेऊन पुण्याला जात आणि मोबाइल त्यांच्याबरोबर जाई. दिवसा ते झोपत, तेव्हा मालकाचा फोन येईल म्हणून तो त्यांच्या उशाशीच असे. घरात टीव्ही नव्हता. एका महिन्याहून अधिक काळ शाळा सुरू होती आणि ती मुलगी शाळेबाहेर होती. तिचे घर माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होते. एवढ्या दिवसांत मी एकदाही तेथे गेले नव्हते.

मुलांनो, त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. वर्गात मी रोज हजेरी घेते. जो आला नाही, त्याची चौकशी करते. मोबाइलवर पाठ पाठवताना मात्र मी हजेरी घ्यायचीच विसरले होते. पाठ 'पाठवला' म्हणजे तो 'पोहोचला', असे मी समजले होते.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिच्या अम्मी म्हणाल्या, "टीचर, नवा मोबाइल घेणे सध्या जमणार नाही." मी म्हणाले, "तो नको. हिला रोज अर्धा तास माझ्या गल्लीत पाठवा." मी पाठ वहीच्या कागदावर लिहून देऊ लागले. आणि आवाज? तो तर आमच्या शेजारीच होता! आजी ओट्याच्या एका टोकाला बसत आणि ती तोंडाला रुमाल बांधून दुसऱ्या टोकाला बसे. ती वाचे. चुकले, की आजी म्हणत, "काला नाही गं पोरी, काळा. जीभ अशी वर वळव." चार-पाच दिवसांनी आणखी दोन मुले येऊ लागली. त्यांच्याकडेही मोबाइल नव्हता. मी मग वर्गाची यादी घेऊन एकेका मुलाची चौकशी केली. काही मुले शेजाऱ्यांच्या मोबाइलवर पाठ ऐकू लागली. काहींना मी कागद पोहोचवले.

एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली. कोडामागचा आवाज सतरा वेळा 'ळ' ऐकवत होता. पण त्या मुलीचा 'ळ' त्याने एकदाही ऐकला नव्हता. तो तिला "जीभ वर वळव" असे म्हणू शकत नव्हता. त्या आवाजामुळे तिच्या कानाची तयारी झाली. जिभेची तयारी मात्र ओट्यावर झाली.

जानेवारी २०२१ च्या अखेरीस ग्रामीण भागातील पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर तेच जुने वाक्य लिहिले आणि विचारले, "कोण वाचेल?" दोन-तीन हात वर झाले. त्यांत एक हात तिचा होता. ती उभी राहिली. 'तळ्याजवळच्या' नीट म्हटले, 'शाळेत' नीट म्हटले, 'काळा' म्हणताना क्षणभर थांबली आणि मग वाक्य पुरे केले. कोणी हसले नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, आता मी वाचू?"

आपल्या वर्गातील प्रत्येक साधन कधीतरी नवे होते. शाई, कागद, दौत आणि दप्तर हे मराठी शब्दच पाहा. उर्दूतील स्याही, काग़ज़, दवात आणि दफ़्तर यांचे ते भाऊबंद आहेत. फरक एवढाच, की उर्दूत दफ़्तर म्हणजे कचेरी, तर मराठी मूल ते पाठीवर घेऊन शाळेत जाते. उर्दू पुस्तके तर कित्येक वर्षे कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. १९८१ साली नस्तालिक लिपी प्रथम संगणकीय यंत्रावर आली आणि १९९४ साली भारतात 'इनपेज' तयार झाल्यावर ती साध्या संगणकावरही लिहिता येऊ लागली. क्यूआर कोडही त्याच वर्षीचा! साधने अशीच बदलत राहतील. उद्या याहून नवी येतील.

तुम्ही मात्र ती वापरताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, पाठ आधी स्वतः वाचा आणि नंतर कोड उघडून ऐका. आधी ऐकलेत, तर डोळे आळशी होतात. दुसरी, 'दीक्षा'मधील पाठ एकदा उतरवून घेतला, की तो इंटरनेट नसतानाही पाहता येतो. जेथे रेंज आहे तेथे तो उतरवा आणि घरी चार जण मिळून पाहा. कोड वाचला गेला नाही, तर त्याच्याखाली छापलेली सहा अक्षरे टाइप करा. तिसरी, रस्त्यावर, खांबावर किंवा अनोळखी संदेशात दिसलेला कोड मोठ्यांना विचारल्याशिवाय उघडू नका. "कोड उघडा, पिन टाका, म्हणजे पैसे मिळतील," असे कोणी म्हणाले, तर तो फसवणारा आहे, असे समजा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही.

चौथी गोष्ट मला स्वतःला ठेच लागून समजली. तुमच्या मोबाइलवर पाठ आला, की शेजारच्या बाकावरील मित्राला विचारा, "तुला मिळाला का?" त्याला मिळाला नसेल, तर त्याला तुमच्या शेजारी बसवा आणि दोघे मिळून ऐका. मग त्याने वाचावे आणि तुम्ही ऐकावे. चुकला, तर हसू नका. त्याला एवढेच सांगा, "जीभ थोडी वर वळव."

शब्दार्थ

कशिदा – कापडावरील भरतकाम
बराख – कांदा साठवण्याची हवेशीर जागा
सोंगटी – पटावर मांडून खेळण्याचा मोहरा
फसगत – फसवणूक, गोंधळ
शाबूत – न मोडलेले, धड
हुरूप – उत्साह
ओटा – घरासमोरील बसण्याची उंच जागा
किटली – दूध किंवा चहा नेण्याचे झाकणाचे भांडे
ठेच लागणे – (येथे अर्थ) चुकीमधून अनुभव येणे
मनाशी धरून चालणे – खात्री न करता मानणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) क्यूआर कोड कोणी व कोणत्या साली तयार केला?
(२) कोडाच्या तीन कोपऱ्यांतील खुणांचा उपयोग काय?
(३) अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय कधी सुरू झाले?
(४) परितेवाडी येथील शिक्षकांनी पुरस्काराच्या रकमेचे काय करण्याचे ठरवले?

प्रश्न २. कारणे लिहा.
(१) उर्दू बोलणाऱ्या मुलांना 'ळ' म्हणणे कठीण जाते.
(२) कोडावर डाग पडला, तरी बहुतेक वेळा तो वाचता येतो.
(३) लेखिकेला स्वतःची लाज वाटली.
(४) आजींना ओट्यावर बसवून वाचन घ्यावे लागले.

प्रश्न ३. पुढील प्रश्नांची उत्तरे पाच-सहा वाक्यांत लिहा.
(१) पाठ 'पाठवणे' आणि पाठ 'पोहोचणे' यांत काय फरक आहे? पाठाच्या आधारे सांगा.
(२) कोडामागचा आवाज जे करू शकला नाही, ते आजींनी कसे केले?
(३) त्या मुलीच्या जागी तुम्ही असता, तर तुम्हांला काय वाटले असते?

प्रश्न ४. पुढील जोड्यांतील प्रत्येक शब्द वापरून वाक्ये तयार करा.
(१) वेळ – वेल (२) मूळ – मूल (३) काळ – काल (४) डाळ – डाल

प्रश्न ५. पुढील वाक्यांचा काळ ओळखा.
(१) मी जवळच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते.
(२) मध्येच एक कोंबडी ओरडली.
(३) उद्या याहून नवी साधने येतील.

उपक्रम
(१) घरातील किंवा शेजारच्या मराठी बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाकडून 'ळ' असलेले वीस शब्द ऐका. ते वहीत लिहा आणि वर्गात मोठ्याने वाचा.
(२) मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आढळणाऱ्या शब्दांची यादी करा. ज्यांचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे, त्यांच्यापुढे खूण करा.
(३) चौकटीच्या कागदावर २१ × २१ घरे आखा. क्यूआर कोडाच्या तीन कोपऱ्यांतील खुणा त्यात रंगवा.